उष्णता जपण्याचे शास्त्र : लडाख उणे वीस अंशांत कसे जगते?

लेह : जानेवारीतील पहाट. द्रासच्या खोऱ्यात पारा उणे वीस अंश सेल्सिअसच्या आसपास उतरलेला असतो. नळाच्या तोंडाशी आलेला थेंब तिथेच काचेसारखा गोठतो. दोरीवर वाळत घातलेला ओला टॉवेल काही मिनिटांत पुठ्ठ्यासारखा ताठ होतो. रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रकचे इंजिन सुरू करण्यात सकाळचे कित्येक तास जातात. महाराष्ट्रात निफाड परिसरात पारा चार-पाच अंशांवर आला, तरी द्राक्षबागा वाचवण्यासाठी शेकोट्या पेटवाव्या लागतात. द्रासमधील या पहाटेचे तापमान त्याहून पंचवीस अंशांनी खाली असते आणि ऐन हिवाळ्यात अशा रात्री एकामागून एक येत राहतात.

तरीही लडाखमध्ये माणसे राहतात, शतकानुशतके राहत आली आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार या प्रदेशाची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या घरात होती. येथे जळणासाठी जंगल नाही. ओढ्या-नाल्यांच्या काठी लावलेले पॉपलर आणि विलो हीच काय ती झाडे. रस्ते हिवाळ्यात बंद पडतात, त्यामुळे इंधन बाहेरून हवे तेव्हा आणता येत नाही. मग एवढ्या थोड्या जळणावर एवढा कडक हिवाळा निभावतो कसा?

लडाखचे कपडे, घरे, स्वयंपाक आणि गुरे यांच्याकडे एकत्र पाहिले, तर या प्रश्नाचे उत्तर एकाच सूत्रात सापडते. उष्णता निर्माण करण्यापेक्षा आहे ती निसटू न देण्यावर येथील समाजाने आपली बुद्धी खर्च केली. गेल्या तीन-चार दशकांत हे सूत्र सैल झाले असून त्याची किंमत इंधनाच्या खर्चात आणि कधी कधी माणसाच्या जिवाने मोजावी लागते आहे.

थंडी एवढी तीव्र का?

लेह शहर साधारण ३४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. अक्षांशाचा विचार करता हा प्रदेश सायबेरियासारखा ध्रुवाजवळचा नाही. येथील थंडीचे मूळ उंचीत आहे. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर वर गेल्यावर हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते आणि लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसलेले आहे.

दुसरे कारण कोरड्या हवेचे. हिमालयाच्या मुख्य रांगा मोसमी पावसाचे ढग अडवतात. लेहमध्ये वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पर्जन्यमान होते. हवेतील बाष्प आणि ढग जमिनीसाठी पांघरुणाचे काम करतात, दिवसा साठलेली उष्णता रात्री अवकाशात निघून जाऊ देत नाहीत. लडाखला हे पांघरूण नाही. म्हणूनच दुपारी उन्हात बसलेल्या माणसाला कोट काढावासा वाटतो आणि सूर्य डोंगराआड जाताच काही मिनिटांत हुडहुडी भरते.

द्रासची उंची लेहपेक्षा थोडी कमी, सुमारे ३,३०० मीटर आहे. तरीही तेथील थंडी अधिक कडक असते. झोजिला खिंडीच्या अलीकडे असलेल्या या भागात पश्चिमेकडून येणारे बाष्प पोहोचते आणि भरपूर बर्फ पडतो. पांढरा बर्फ ऊन परतवून लावतो, त्यामुळे जमीन तापत नाही. रात्री डोंगरउतारांवरची थंड, जड हवा घसरत खाली येते आणि वाटीत पाणी साचावे तशी खोऱ्यात साचून राहते. वस्ती असलेले जगातील दुसऱ्या क्रमांकाचे थंड ठिकाण अशी पाटी द्रासमध्ये प्रवाशांचे स्वागत करते. हा क्रमांक वादाचा असला, तरी भारतातील सर्वांत थंड वस्त्यांमध्ये द्रासची गणना होते, यात शंका नाही.

शरीराचा जमाखर्च

माणसाच्या शरीराचे आतील तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. ते ३५ अंशांच्या खाली गेले की वैद्यकशास्त्र त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणते. तेथवर पोहोचण्यापूर्वी शरीर दोन उपाय करते. पहिला उपाय म्हणजे त्वचेकडे आणि हातापायांकडे जाणारे रक्त कमी करून हृदय, फुप्फुसे आणि मेंदू यांची ऊब राखणे. दुसरा उपाय म्हणजे कापरे भरणे. स्नायू झपाट्याने आकुंचन पावत राहिल्याने शरीरातील उष्णतेची निर्मिती कित्येक पटींनी वाढते.

पहिल्या उपायाची किंमत बोटे, नाक आणि कान चुकवतात. तेथील रक्तपुरवठा आटला की पेशींतील पाणी गोठू लागते. यालाच हिमदंश म्हणतात. सुरुवातीला भाग लाल होऊन दुखतो, नंतर पांढरट आणि बधिर होतो. दुखणे थांबले म्हणून माणूस निर्धास्त होतो, पण नेमका तोच धोक्याचा इशारा असतो. दुसऱ्या उपायासाठी इंधन लागते. पोटात अन्न नसेल, तर कापरे भरून भरून स्नायू थकतात. गारठलेल्या माणसाचे कापरे आपोआप थांबले, बोलणे अडखळू लागले आणि पावले भलतीकडे पडू लागली, तर त्याची अवस्था गंभीर झाली आहे असे समजावे.

वारा ही हानी अनेक पटींनी वाढवतो. त्वचेलगत उबदार हवेचा पातळ थर असतो. वारा तो सतत उडवून नेतो. हवेचे तापमान उणे १० अंश असताना ताशी ३० किलोमीटर वेगाने वारा वाहत असेल, तर उघड्या त्वचेला शांत हवेतील उणे २० अंशांइतकी थंडी जाणवते. ओलावा त्याहून घातक आहे. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. उणे वीस अंशांतही चढावर चालणाऱ्याला घाम येतो आणि तो घाम कपड्यांत मुरला की थांबल्यावर तेच कपडे शरीरातील ऊब शोषून घेतात.

लोकर अडवते ती हवा

कपडे स्वतः ऊब देत नाहीत. ते हवा अडवतात आणि अडलेली, स्थिर हवा उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही. लोकरीचे तंतू कुरळे असल्याने त्यांच्यामध्ये हवेचे असंख्य कप्पे तयार होतात. शिवाय लोकर ओली झाली तरी तिचा हा गुण बराच टिकतो. सुती कापड ओले झाले की अंगाला चिकटते आणि त्यातील हवेची जागा पाणी घेते. म्हणूनच कडक थंडीत अंगालगत सुती बनियन घालू नये, असे गिर्यारोहक आणि लष्करी प्रशिक्षक सांगतात.

लडाखी पोशाखात हे ज्ञान पूर्वापार आहे. जाड लोकरीच्या कापडाचा घोळदार, पायघोळ झगा म्हणजे गोंचा. तो कमरेला पट्ट्याने घट्ट बांधतात, त्यामुळे वरच्या भागातील उबदार हवा खाली निसटत नाही आणि छातीपाशी तयार झालेल्या पोकळीत प्याला, पीठ किंवा तान्हे मूलही ठेवता येते. स्त्रिया पाठीवर मेंढीचे किंवा शेळीचे केसाळ कातडे घेतात, केसांची बाजू आत. लोकर आणि चामड्याच्या जोड्यांना पायात थोडी मोकळी जागा ठेवलेली असते. घट्ट बूट रक्ताभिसरण अडवतो आणि बोटे आधी गारठतात, हे येथील मोच्याला सांगावे लागत नाही.

या विद्येचे सर्वांत तलम उदाहरण चांगथांगच्या पठारावर मिळते. तेथील चांगपा पशुपालक चार हजार मीटरहून अधिक उंचीवर शेळ्या-मेंढ्या आणि याक घेऊन फिरतात. कडाक्याच्या हिवाळ्यापासून बचावासाठी चांगथांगी शेळीच्या जाड केसांखाली अतिशय मऊ लव उगवते. हीच पश्मिना. तिच्या तंतूची जाडी साधारण १२ ते १५ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकी असते. वसंतानंतर ही लव सुटू लागते, तेव्हा ती विंचरून काढतात. थंडी कमी झाली तर ही लव तेवढी दाट येण्याचे कारण उरत नाही, त्यामुळे पश्मिन्याचा व्यवसाय थंडीवरच उभा आहे.

मातीची भिंत, दक्षिणेची खिडकी

जुन्या लडाखी घराची रचना पाहिली की प्रत्येक गोष्टीमागचे कारण उलगडते. उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांच्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या असतात. दिवसभर त्या ऊन पितात आणि कित्येक तासांनी, म्हणजे रात्री, ती ऊब खोलीत सोडतात. उत्तरेकडील भिंतीला खिडक्या जवळजवळ नसतात. मोठ्या खिडक्या दक्षिणेकडे असतात. २१ डिसेंबरच्या सुमारास लेहमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ३२ अंशच वर येतो. त्यामुळे ऊन तिरपे होऊन खोलीत खोलवर शिरते. उन्हाळ्यात सूर्य जवळपास डोक्यावर असतो, तेव्हा तीच खिडकी छपराच्या सावलीत राहते.

तळमजल्यावर गुरे बांधतात. गाय, झो आणि शेळ्या यांच्या अंगची ऊब वरच्या मजल्याला मिळते. त्यांच्या शेणाच्या गोवऱ्या हे मुख्य जळण. सपाट धाब्यावर वैरण, काटक्या आणि गोवऱ्या रचून ठेवतात. हिवाळ्यात हा साठा छपरावरचे जाड पांघरूण ठरतो. छत पॉपलरच्या तुळयांवर विलोच्या काटक्या अंथरून, वर गवत आणि मातीचा थर देऊन केलेले असते.

घर कितीही मोठे असले, तरी हिवाळ्यात सारे कुटुंब एकाच खोलीत येते. ती खोली म्हणजे स्वयंपाकघर, लडाखी भाषेत चान्सा. मध्यभागी चूल, भिंतीलगत मांडणीवर चकचकीत तांब्या-पितळेची भांडी आणि जमिनीवर अंथरलेल्या गाद्यांवर आजी-आजोबांपासून लेकरांपर्यंत सर्वजण. एकच चूल स्वयंपाकही करते आणि खोलीही तापवते. एका खोलीत दहा माणसे बसली तर प्रत्येकाच्या शरीराची ऊब इतरांच्या उपयोगी पडते. बाकीच्या खोल्या चार महिने थंड राहिल्या तरी चालतात.

शौचालयही कोरडे असते. वरच्या मजल्यावरील छिद्रातून मैला खालच्या खोलीत पडतो, त्यावर माती आणि राख टाकतात. वसंतात त्याचे खत शेतात जाते. जेथे पाण्याचा नळ चार महिने गोठलेला असतो, तेथे पाण्याविना चालणारी ही व्यवस्था सर्वांत भरवशाची ठरते.

उन्हाळ्यात चालते हिवाळ्याची तयारी

लडाखमध्ये शेतीचा हंगाम अवघ्या चार-पाच महिन्यांचा असतो. त्या काळात उरलेल्या वर्षाची तजवीज करावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये गावोगावी धाब्यांवर जर्दाळू वाळत घातलेले दिसतात. पालेभाज्या, टोमॅटो आणि सलगम यांच्या चकत्या उन्हात सुकवतात. दह्या-ताकापासून केलेले छुरपे, म्हणजे वाळवलेल्या चीजचे कडक तुकडे, वर्षभर टिकतात. बटाटे, गाजरे, मुळे आणि कोबी जमिनीखालच्या खड्ड्यात किंवा तळघरात ठेवतात. वरची जमीन गोठली तरी काही फूट खाली तापमान शून्याच्या वर राहते, त्यामुळे भाजी गोठतही नाही आणि सडतही नाही.

आहारात स्निग्धता आणि पिष्टमय पदार्थ भरपूर असतात. भाजलेल्या जवाचे पीठ हे रोजचे अन्न. गव्हाच्या पिठाचे जाड तुकडे भाज्यांबरोबर शिजवून केलेला स्क्यू आणि गरम थुक्पा यांमुळे पोटही भरते आणि पाणीही जाते. लोणी आणि मीठ घालून घुसळलेला गुरगुर चहा दिवसातून अनेकदा पितात. नवख्या पाहुण्याला त्याची चव विचित्र वाटते, पण त्यामागे शरीरशास्त्र आहे. थंड, कोरड्या हवेत प्रत्येक श्वासाबरोबर शरीरातील पाणी बाहेर जाते, लघवी अधिक होते आणि तहान मात्र लागत नाही. मीठ, स्निग्धता आणि गरम पाणी यांची भरपाई हा चहा एकाच वेळी करतो.

शेतीची कामे थांबलेली असल्याने हिवाळा हा सणांचा आणि भेटीगाठींचाही काळ. लडाखी नववर्ष, म्हणजे लोसर, तिबेटी नववर्षाच्या सुमारे दोन महिने आधी, बहुधा डिसेंबरात साजरे होते. मठांमधील मुखवट्यांचे नृत्योत्सव, लग्ने आणि चुलीभोवती रंगणाऱ्या कथा यांमुळे लांबलचक रात्री सुसह्य होतात. गोठलेल्या तळ्यांवर मुले आइस हॉकी खेळतात. २०२४ च्या फेब्रुवारीत खेलो इंडिया हिवाळी क्रीडा स्पर्धेचा एक टप्पा लेहमध्ये झाला, तो याच खेळांच्या बळावर.

रस्ता, डिझेल आणि वीज

घराबाहेरचा हिवाळा सांभाळणे हे सरकारचे आणि सैन्याचे काम. श्रीनगर-लेह महामार्गावरील झोजिला खिंड पूर्वी हिवाळ्यात पाच-सहा महिने बंद असे. सीमा रस्ते संघटनेने हा काळ सातत्याने कमी केला असून २०२५ मध्ये खिंड ३२ दिवसांनी, १ एप्रिलला, पुन्हा खुली झाली. सोनमर्गचा सुमारे साडेसहा किलोमीटरचा बोगदा १३ जानेवारी २०२५ पासून वापरात आहे. खुद्द झोजिलाखालून सुमारे १३ किलोमीटरच्या बोगद्याचे काम सुरू आहे. तो पूर्ण झाल्यावर लडाखला बारमाही रस्ता मिळेल. तोवर धान्य, इंधन आणि औषधांचा साठा शरद ऋतूतच करून ठेवावा लागतो. खिंड बंद असताना अडकलेल्या विद्यार्थ्यांना आणि रुग्णांना हवाई दलाची मालवाहू विमाने कारगिलहून ने-आण करतात.

साधे डिझेल या थंडीत दगा देते. त्यातील मेणासारखे घटक गोठून इंधन घट्ट होते आणि फिल्टर तुंबतो. टाकीखाली जाळ करून डिझेल पातळ करण्याचा धोकादायक मार्ग ट्रकचालक अवलंबत असत. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणले. ते उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते. त्याच वर्षी फेब्रुवारीत श्रीनगर ते लेह ही ३३५ किलोमीटरची वीजवाहिनी कार्यान्वित झाली आणि लडाख राष्ट्रीय ग्रिडशी जोडला गेला. तोपर्यंत स्थानिक जलविद्युत आणि डिझेल जनित्रे हाच आधार होता. विजेची गरज हिवाळ्यात सर्वाधिक असते आणि नेमक्या त्याच वेळी नद्या गोठून आटलेल्या असतात, ही जलविद्युतेची मोठी अडचण.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. जलवाहिन्या जमिनीत खोल पुरल्या नाहीत, तर पाणी गोठून फुगते आणि नळ फुटतो. त्यामुळे अनेक घरांत हिवाळ्याआधी नळ पूर्ण रिकामे करून बंद ठेवतात. हातपंप, टँकर किंवा ओढ्याच्या बर्फाला पाडलेले छिद्र, हेच मग पाण्याचे मार्ग.

सिमेंटचे घर आणि बंद खोलीतील विष

गेल्या काही दशकांत लेहचे रूप बदलले. पर्यटन वाढले, हॉटेले आणि अतिथीगृहे उभी राहिली, नोकरीमुळे गुरे पाळणे कमी झाले. सिमेंटचे घर लवकर बांधून होते आणि त्याच्या डागडुजीला कमी हात लागतात. ऑगस्ट २०१० मध्ये लेहमध्ये ढगफुटी झाली, त्या रात्री मातीची अनेक घरे वाहून गेली. त्यानंतर पावसाच्या भीतीनेही लोक पक्क्या बांधकामाकडे वळले. त्यांचा निर्णय समजण्याजोगा आहे.

तथापि, काँक्रीटच्या पातळ भिंतीतून उष्णता भराभर बाहेर जाते. घर मोठे आणि खोल्या अनेक असल्या, की प्रत्येक खोलीत वेगळी शेगडी लागते. रस्त्याकडे तोंड करून बांधलेल्या घराला दक्षिणेचे ऊन मिळेलच असे नाही. परिणामी लाकूड, कोळसा, रॉकेल आणि गॅस अधिक लागतो आणि त्यातील बहुतेक इंधन खिंडी ओलांडून आणावे लागते.

यातून सर्वांत मोठा धोका निर्माण होतो, तो कार्बन मोनॉक्साइडचा. ऊब टिकावी म्हणून दारे-खिडक्यांच्या फटी बुजवतात आणि आत कोळशाची शेगडी, गॅस हीटर किंवा बुखारी जळत राहते. बुखारी म्हणजे धुराड्याची लोखंडी शेगडी. तिचे धुराडे काजळीने किंवा बर्फाने तुंबले, तर धूर खोलीतच राहतो. अपुऱ्या हवेत जळण पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट बिलगतो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही लक्षणे विरळ हवेमुळे होणाऱ्या त्रासासारखीच असल्याने पर्यटकांची दिशाभूल होते. झोपेत असलेल्या माणसाला तर जागही येत नाही. केवळ लडाखमध्येच नव्हे, तर काश्मीर, हिमाचल आणि दिल्लीपर्यंत दर हिवाळ्यात बंद खोलीतील शेगडीमुळे माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. खोलीला थोडी फट ठेवणे आणि झोपण्यापूर्वी शेगडी विझवणे, एवढ्याने हे मृत्यू टळू शकतात.

उन्हाकडे परत

लडाखमध्ये वर्षाला तीनशेहून अधिक दिवस स्वच्छ ऊन असते. जळणाची उणीव उन्हाने भरून काढण्याचे प्रयत्न १९८० च्या दशकापासून सुरू आहेत. लडाख इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट ग्रुपसारख्या संस्थांनी ट्रॉम्ब भिंतीचा प्रसार केला. दक्षिणेकडील भिंत काळी रंगवून तिच्यापुढे थोडे अंतर सोडून काच बसवतात. काचेतून आलेले ऊन भिंतीत साठते आणि रात्री खोलीत उतरते. काही घरांना दक्षिणेकडे काचेची खोली जोडलेली असते. दिवसा तेथे बसण्याची सोय होते आणि संध्याकाळी मधले दार लावले की ऊब आत राहते. छत आणि भिंतींमध्ये पेंढा, भुसा किंवा लोकर भरल्याने गळती आणखी कमी होते.

अभियंता सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या सेकमोल या संस्थेचा फे गावाजवळचा परिसर याच तत्त्वावर बांधलेला आहे. मातीच्या भिंती आणि दक्षिणाभिमुख काचा यांमुळे तेथील वर्ग आणि वसतिगृह शेगडीविना हिवाळ्यात राहण्याजोगे राहतात.

भाजीपाल्याच्या बाबतीतही सूर्याने मोठा बदल घडवला. तीन बाजूंनी मातीच्या भिंती आणि दक्षिणेकडे प्लास्टिकचे पारदर्शक आच्छादन असलेल्या हरितगृहांत जानेवारीतही पालक आणि कोथिंबीर उगवते. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची लेह येथील उच्च तुंगता संशोधन संस्था सीमेवरील जवानांना ताजी भाजी मिळावी, यासाठी जमिनीतील चरांवर आच्छादन घालून भाजी पिकवण्यासारख्या पद्धतींवर काम करत आली आहे. या संस्थेची पाळेमुळे १९६२ पर्यंत जातात.

हिवाळ्यात लडाखला जाणाऱ्यांसाठी

हिवाळी पर्यटन वाढत असून त्यात मराठी प्रवाशांची संख्याही लक्षणीय असते. सह्याद्रीतील थंडीचा अनुभव येथे पुरेसा पडत नाही. पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

• विमानाने लेहला उतरल्यावर किमान ४८ तास विश्रांती घ्यावी. तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्केच असतो. धाप, सततचा खोकला किंवा गोंधळलेपण जाणवल्यास लगेच डॉक्टरांकडे जावे.

• कपड्यांचे तीन थर करावेत : अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा, मध्ये लोकर किंवा पिसांचा, वर वारा अडवणारा. चढताना घाम येण्याआधी एक थर उतरवावा, थांबताच पुन्हा चढवावा.

• बुटात बोटे हलवता आली पाहिजेत. मोज्यांची कोरडी जोडी नेहमी जवळ असावी.

• मद्याने अंगात ऊब आल्यासारखी वाटते, कारण त्वचेकडील रक्तवाहिन्या पसरतात. प्रत्यक्षात शरीरातील उष्णता त्याच वाटेने बाहेर जाते.

• हिमदंश झालेला भाग चोळू नये, बर्फ लावू नये, शेकोटीजवळही धरू नये. बधिर त्वचा भाजली तरी कळत नाही. सुरक्षित ठिकाणी पोहोचल्यावर तो भाग ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवावा. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर वितळवण्याचा प्रयत्न करू नये.

• गारठलेल्या व्यक्तीचे ओले कपडे काढून तिला कोरड्या पांघरुणात गुंडाळावे आणि आडवे ठेवावे. ती पूर्ण शुद्धीत असेल तरच गरम, गोड पेय द्यावे. तिला चालायला लावू नये.

• मुक्कामाच्या खोलीत कोणती शेगडी आहे, धूर कोठून बाहेर जातो आणि हवा कोठून येते, हे झोपण्यापूर्वी पाहावे.

थंडी हवीही असते

लडाखच्या हिवाळ्याची एक बाजू बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ज्या थंडीपासून घर जपायचे, त्याच थंडीवर येथील शेत अवलंबून असते. एप्रिल-मे महिन्यांत पेरणी झाल्यावर पाण्याची गरज असते, पण उंचावरील हिमनद्या जूनपर्यंत नीट वितळू लागत नाहीत. मधल्या काळात गावे तहानलेली राहतात. हिमनद्या मागे हटत आहेत, बर्फ कमी पडतो आहे, तसतशी ही तहान वाढत आहे. झन्स्कर नदी गोठली की तिच्या बर्फावरून चालत जाण्याची वाट, म्हणजे चादर, शतकानुशतके लोकांना हिवाळ्यात लेहशी जोडत आली. ती वाटही आता पूर्वीइतकी भरवशाची राहिलेली नाही.

यावर उपाय म्हणून थंडीच साठवण्याचा मार्ग लडाखने शोधला. निवृत्त अभियंता चेवांग नॉर्फेल यांनी हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्याचे पाणी सावलीच्या उतारांवर बांध घालून गोठवले आणि कृत्रिम हिमनद्या तयार केल्या. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात हिमस्तूपाचा प्रयोग केला. उंचावरचे पाणी नळाने खाली आणले की ते स्वतःच्या दाबाने कारंज्यासारखे वर उसळते. उणे तापमानात ते पडता पडता गोठते आणि शंकूच्या आकाराचा डोंगर तयार होतो. शंकूचा पृष्ठभाग त्याच्या आकारमानाच्या मानाने कमी असल्याने उन्हात तो हळूहळू वितळतो आणि वसंतातील पेरणीला पाणी देतो. त्यासाठी ना पंप लागतो ना वीज, फक्त उतार आणि कडाक्याची रात्र हवी.

मातीची भिंत दुपारचे ऊन रात्रीसाठी राखते, तळघर ऑगस्टमधील गाजर फेब्रुवारीसाठी राखते आणि हिमस्तूप जानेवारीची थंडी मे महिन्यासाठी राखतो. या तिन्हींमागे एकच विचार आहे. बोगदे आणि वीजवाहिन्या आल्याने लडाखचा हिवाळा निश्चितच सुकर होईल. मात्र बाहेरून येणाऱ्या इंधनावर प्रत्येक खोली तापवण्याची सवय जडली, तर रस्ता किंवा वीज बंद पडेल त्या रात्री पातळ भिंतींच्या घराला दुसरा आधार उरणार नाही. पुढे बांधल्या जाणाऱ्या घरांची तोंडे कोणत्या दिशेला असतील आणि त्यांच्या भिंतींत काय भरले जाईल, यावर त्या रात्रीची सुरक्षितता अवलंबून राहील.